राजीखुशीने

नागपूर, १४ जून २०२५

ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. काटोलला आणि इथे सगळे धडधाकट आहेत. तू आम्हा सगळ्यांचे नंबर ब्लॉक केले आहेस, तेव्हा पोस्टाशिवाय रस्ता उरला नाही. तुझा भिलाईचा पत्ता दादाच्या देवघरात पडलेल्या राखीच्या जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला. पाकीट त्याने अजून टाकलेलं नाही, एवढं जाता जाता सांगते.

काम आहे म्हणून लिहिते आहे. मी पीएच.डी.ला नाव घातलं. हसायचं तेवढं हसून घे. आमच्या कॉलेजात ग्रंथपालापासून खेळाच्या सरांपर्यंत सगळे डॉक्टर झाले आणि आता स्टाफरूममध्ये कोणी नुसतं 'मॅडम' म्हटलं की फक्त मीच वळून बघते. विषय समाजशास्त्र, गाईड ढोके सर. ते पुढच्या वर्षी रिटायर होणार, त्यामुळे त्यांनी भीडभाड सोडून दिली आहे. सप्टेंबरात विद्यापीठाची आरआरसी, म्हणजे संशोधनाचा आराखडा मान्य करणारी समिती बसेल. तिच्यापुढे मला समस्या काय, हेतू काय, उद्दिष्टं कोणती, हे सगळं मांडायचं आहे.

मी शीर्षक तयार करून नेलं होतं. 'विवाहित मुलींनी वडिलोपार्जित शेतीत हक्क मागितल्यामुळे भाऊ-बहिणींच्या नात्यावर होणारे विपरीत परिणाम: काटोल तालुक्याचा एक अभ्यास.' सरांनी ते दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, निष्कर्ष तं तुम्ही नावातच काढून बसल्या. आता अभ्यास कायचा करान?"

"सर, ही समस्या आहे ना पण. घरोघरी आहे."

"समस्या मांडा मंग. हे तं गाऱ्हाणं होय. ते आरआरसीले नाही, मोठ्या मामाले सांगाचं असते."

बाकीचे विद्यार्थी हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि घरी येऊन विषय बदलला. आता तो असा आहे: हक्कसोड करायला नकार देणाऱ्या मुली आणि त्यांची कारणं. त्यासाठी मला उत्तरदाती हवी. तू काटोल तालुक्यातली, लग्न झालेली, बापाच्या शेतीत वारस म्हणून नाव लागलेली आणि हक्कसोडपत्रावर सही न केलेली. निकषांत चपखल बसतेस. खरं सांगायचं तर माझ्या ओळखीत दुसरी कोणीच नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवते. तुझ्या आठवणीत काही वेगळं असेल तर दुरुस्त कर. बाबा मागच्या नोव्हेंबरात गेले. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर दादाने कागद काढला. आपण दोघी बाबांच्या संत्र्याच्या बागेतला आपला वाटा त्याला राजीखुशीने सोडून देतो, असा तो कागद. "मंगळवारी काटोलले या, सह्या करून टाकू," असं तो म्हणाला, उद्या लाईट बिल भरून टाकू म्हणावं तसं. त्यावर तू म्हणालीस, "सोडाले अगोदर हातात तं यावं लागते, दादा." पुढचं तुला माहीत आहे. तू संध्याकाळच्या बसने निघालीस आणि दादाने जाहीर केलं की जी काजलशी बोलेल तिने या घरात येऊ नये.

मी तेव्हापासून तुझ्याशी बोललेले नाही. सहीही केलेली नाही. 'आरआरसी होऊ दे, मग करते,' असं दादाला सांगून ठेवलं आहे. म्हणजे सप्टेंबरपर्यंत माझं माहेर शाबूत आहे.

सोबत प्रश्नावली जोडली आहे. सवडीने भर.

मिनल


नागपूर, ६ जुलै २०२५

ताई,

प्रश्नावली परत आली नाही. तू ती फाडली असशील तर माझ्याकडे प्रती आहेत.

तोवर विषय पुन्हा बदलला. ढोके सरांनी विचारलं, "नकार देणाऱ्या किती सापडल्या?"

"एक."

"कोण?"

"ओळखीतल्या आहेत."

"बहीण होय का?"

सरांनी खोलीतला पंखा एक नंबरने कमी केला. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते तसं करतात, कारण पंखा खडखडतो.

"मॅडम, गावात लेकी ढीगभर. सगळ्या सही करतात. त्याहिले कोणी विचारत नाही बाई तू काहून केली. एकीनं नाही केली, तं तिच्याच मागं तुम्ही प्रश्नावली घेऊन फिरून राहिल्या. हा प्रॉब्लेम कोणाचा होय? तिचा होय का?"

मला राग आला, ताई. ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच आला. मी म्हटलं, सर, सही करणाऱ्यांत अभ्यास करण्यासारखं काय आहे, रीत आहे ती, सगळे करतात. सर म्हणाले, सगळे करतात आणि कोणी विचारत नाही, तिथेच बसकण मारायची असते. समस्या निवडणं म्हणजे आपण कोणाकडे बोट दाखवतो ते ठरवणं, हे त्यांनी नंतर वहीत लिहून घ्यायला लावलं. मी पहिल्या वर्षाच्या पोरींसारखं लिहून घेतलं.

तर आता विषय असा: 'वडिलोपार्जित शेतीतील हक्क सोडणाऱ्या विवाहित मुलींचे अनुभव.' पूर्वचाचणी म्हणून चार-पाच बायकांना भेटायचं ठरलं आहे. तू आता नमुन्यातून बाहेर पडलीस. सुटलीस म्हण हवं तर.

हेतूचा रकाना मात्र रिकामा आहे. मी 'जाणून घेणे' असं लिहिलं होतं. सर म्हणाले, "जाणून घेऊन काय करान?" मी विचार करून सांगते म्हटलं. घरी सुशीलना विचारलं. ते मौद्याहून प्लांटातली ड्युटी करून आले होते, जेवता जेवता म्हणाले, "तुमच्या घरचा मामला आहे, मी काय सांगू?" मी म्हटलं, अहो, मी संशोधनाच्या हेतूबद्दल विचारते आहे. ते म्हणाले, "मी पण."

पाऊस वेळेवर आला आहे. दादाने अर्ध्या बागेत मृग बहार धरला, उरलेल्या अर्ध्यात आंबिया आहे. आईच्या गुडघ्याचं तसंच आहे. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते.

मिनल


नागपूर, १० ऑगस्ट २०२५

ताई,

काल राखी झाली. त्याबद्दल शेवटी लिहीन, आधी काम.

पूर्वचाचणी घेतली आणि आपटले. पाच बायका, वेगवेगळी गावं, एकमेकींना ओळखतही नाहीत. पाचही जणींना विचारलं, तुम्ही सही का केली? पाचही जणी म्हणाल्या, "राजीखुशीनं." एकीने तर पुढचंही म्हणून दाखवलं, "राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय." हे हक्कसोडपत्रातलंच वाक्य आहे. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात वाचून दाखवतात, तेवढं त्यांच्या तोंडात बसलं आहे. मी तेच खुशाल उत्तर म्हणून टिपून आणलं आणि वर टक्केवारी काढली. शंभर टक्के राजीखुशी.

ढोके सरांनी टक्केवारीवर बोट ठेवलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलतात तेव्हा बरं असतं.

पण एक गोष्ट झाली. पाचवी बाई आपल्या गल्लीतल्या सिंधूताई. गल्लीच्या तोंडाशी राहायच्या त्या, पापड लाटताना आपल्याला लाट्या द्यायच्या. आता नागपुरात मुलाकडे मानेवाड्याला असतात. मुलाखत संपवून मी चहा पीत होते, सहज म्हटलं, सिंधूताई, सहीच्या दिवशी भावाने साडीचोळी केली असेल ना? तुला रीत ठाऊक आहे, हक्कसोड केली की भाऊ बहिणीला साडी नेसवतो, तिच्या हातचं पाणी पितो आणि काम झालं. सिंधूताईंनी कप खाली ठेवला.

"केली ना वं. डाळिंबी रंगाची. काठ बारीक, सोनेरी. पदराले एक धागा निंघालेला होता. मी म्हटलं जाऊ दे, आता काय सांगाचं. तिकडे आमची ओलिताची जमीन, विहिरीवर चिचेचं झाड होतं, बापानं माह्या जन्माच्या साली लावलं होतं."

मग त्या अर्धा तास बोलल्या. मी प्रश्नावली बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौघींना फोन करून तेवढंच विचारलं, साडी कोणत्या रंगाची होती? ताई, एकीलाही आठवावं लागलं नाही. पिस्ता कलर. कुंकवी. निळी, पण लाईट गेले होते म्हणून दुकानात काळी वाटली. एक म्हणाली, "गुलाबी. मले गुलाबी आवडत नाही, हे त्याले लहानपणापासून मालूम आहे." आणि प्रत्येकीने रंगानंतर शेत सांगितलं, कोणी आंब्याचं झाड, कोणी बांधावरची बोर.

सर म्हणाले, आता तुम्हाला प्रश्न सापडला. मुलाखतीची सुरुवात इथून करा, 'का' विचारूच नका.

राखीचं असं. काटोलला गेले, दादाला राखी बांधली. वहिनीने पुरणपोळी केली होती. दादाने ताटात ओवाळणी घातली, मग म्हणाला, "मिनू, तुही ते परीक्षा कधी होय?" मी म्हटलं, परीक्षा नाही, आरआरसी, सप्टेंबरात. "मंग लगेच करून टाकू. नाव लटकून आहे तं मलेही झोप येत नाही." त्याच्या मनगटावर दरवर्षी दोन राख्या असायच्या. या वेळी माझी एकटी होती आणि तो ती सारखी वर सरकवत होता.

तुझी आठवण झाली. हे निरीक्षणात मोडत नाही.

मिनल


नागपूर, २४ ऑगस्ट २०२५

ताई,

पोळ्याला काटोलला होते. काल सकाळी परत आले तर महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीने रस्ते बंद, रिक्षावाल्याने मला अशा जागी सोडलं की घरापर्यंत चालत आले. तू असतीस तर अर्ध्या रस्त्यात बसकण मारली असतीस.

मी आईची मुलाखत घेतली. नियमाप्रमाणे घरच्या माणसाची घेऊ नये. सरांना सांगितलेलं नाही.

ती अंगणात शेंगा निवडत होती. मला माहीतच नव्हतं की आईनेही सही केली होती. आपण कधी विचारलंच नाही. मामाकडे सुट्टीत जायचो, ते शेत मामाचं, इतकंच आपल्याला माहीत. मी म्हटलं, आई, आजोबांच्या शेतावर तुझं नाव होतं का गं?

"होतं ना. तुह्या मामाले लिहून देलं मी."

"साडी कोणती आणली होती त्याने?"

तिने मान वर केली नाही.

"मोरपंखी. भारी होती, इंदूरची. नेसली नाही मी."

"मग काय केली?"

"काजल झाली तवा पाळणा बांधाले धडकं लुगडं नव्हतं घरी. तिचाच झोका केला. तुलेही त्यातच टाकलं, पण तवा विरली होती, मंग फाडून दुपटे केले."

शेंगा निवडणं चालूच होतं. मी विचारलं, सही केली नसती तर काय झालं असतं? हा 'का'चाच प्रश्न आहे, फक्त मागच्या दाराने. आई म्हणाली, "मंग मामा आला नसता ना दिवाळीले."

"आणि केल्यावर आला?"

"आला. दोन-तीन साल आला."

मग तिने सूप झटकलं आणि आत गेली. मी टिपण काढलं नाही. तुला म्हणून लिहिते आहे: तू त्या साडीत झोपायचीस. तुझ्या खाली मोरपंखी रंग होता आणि वर आढ्याला दोर. तेरवीच्या दिवशी तू जे बोललीस ते ऐकून आई उठून आत गेली होती, आठवतं? आपल्याला वाटलं ती तुझ्यावर रुसली. मला आता तशी खात्री वाटत नाही. पण एका मुलाखतीवरून निष्कर्ष काढू नये.

हेतूचा रकाना अजून रिकामा.

मिनल


नागपूर, २१ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड अजून मिळतं हेही मला नवीन. तीन महिने मी पानंच्या पानं लिहिते आहे आणि तू एवढंच लिहिलंस: 'तुझ्यासाठी त्याने कोणत्या रंगाची आणली?' नाव नाही, तारीख नाही. मी ते फ्रिजवर लावलं आणि सुशील यायच्या आधी काढून ठेवलं. का, ते मलाही कळलं नाही. त्यांना काय फरक पडतो?

आरआरसी शुक्रवारी झाली. आराखडा मान्य झाला. समितीत बाहेरच्या विद्यापीठाच्या एक बाई होत्या, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "संशोधक स्वतः या प्रश्नात कुठे उभी आहे?" मी म्हटलं, माझं नाव सातबाऱ्यावर आहे, सही अजून झालेली नाही. त्या म्हणाल्या, "मग मर्यादांमध्ये लिहा. आणि डेटा गोळा करायच्या आत काय ते ठरवा. ठरवलं नाहीत तर दुसऱ्यांच्या तोंडून स्वतःचं उत्तर काढत बसाल." ढोके सर खाली बघून हसत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला कँटीनमध्ये तर्री पोहे खाऊ घातले. त्यांच्या हिशेबी हा सत्कार.

हेतूच्या रकान्यात शेवटी मी लिहिलं होतं, 'हक्क सोडण्याच्या निर्णयाआधी मुलींना प्रत्यक्षात कोणता पर्याय उपलब्ध असतो, हे समजून घेणे.' समितीने त्यात एक शब्दही बदलला नाही.

झालं, आता सांगायला सबब उरली नाही. दादाला कोणी सांगितलं कोण जाणे, आज सकाळी तो आणि वहिनी दारात उभे. पेढे आणले होते. तो खरंच खूश होता, ताई. "आपल्या घरात डॉक्टर होऊन राहिली," असं सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून आला. चहा झाल्यावर वहिनीने पिशवीतून खोका काढला. दुकानाच्या नावाचा, वर सोनेरी दोरी. "पाहून तं घ्या, नाही आवडली तं बदलून देतो म्हणे दुकानवाला," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, नंतर बघते. ऑक्टोबरातला दिवस ठरला आहे. साक्षीदारही दादानेच ठरवले.

निघताना तो जिन्यात थांबला. "मिनू, तूही काजलसारखं नको करू. बाबा अंथरुणाले होते तवा मी उचललं त्याहिले. तुम्ही दोघी पाहुण्यासारख्या येत होत्या. मी काही म्हटलं का कधी?"

नव्हतं म्हटलं. हे खरं आहे, आणि तूही ते लक्षात ठेव. बाबांचं सगळं त्याने केलं. बाग त्याने जगवली. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काहीच नाही. मला माझा दादा हवा आहे, दिवाळीला जायला घर हवं आहे, आईच्या हातचं खायला हवं आहे. त्यासाठी सही करावी लागते, हे मला अजून कोणी तोंडाने सांगितलेलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

खोका कपाटावर ठेवला आहे. मला भीती वाटते आहे, ताई.

मिनल


नागपूर, १२ ऑक्टोबर २०२५

ताई,

काटोलला जाऊन आले. क्रमाने सांगते.

बसने गेले. खोका पिशवीत घेतला होता, कारण तिथेच नेसायची असं वहिनीचं म्हणणं होतं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गर्दी होती. बाकावर दादा, दोन साक्षीदार आणि कागद लिहिणारा बसलेले. दादाने माझ्यासाठी बाकावर रुमाल टाकून जागा धरली होती. आमच्या पुढे एक बाई होती, माझ्याच वयाची, सोबत दोन भाऊ. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. बाहेर येऊन तिने पायातली चप्पल नीट केली आणि भावांच्या मागे चालू लागली. तिला गाठून रंग विचारावा असं मनात आलं. हे आता मला कायमचं लागलं आहे.

आमचं नाव पुकारलं. आत टेबलामागच्या साहेबांनी कागद वाचायला घेतला. वाचणं कसलं, गुणगुणणं. शेवटी मान वर करून विचारलं, "मॅडम, राजीखुशीने करून राहिल्या ना?" त्यांनी ते प्रत्येकीला विचारायचं असतं, त्यांची काही चूक नाही. मी स्वतः ते पाच जणींकडून टिपून आणलं होतं.

माझ्या तोंडून शब्द निघेना. मी ठरवून गप्प बसले असं तुला वाटेल. तसं नव्हतं. 'हो' म्हणायचंच ठरवून गेले होते. पण ते उत्तर नसतं, हे आता मला माहीत झालं होतं. प्रश्नावलीतून मी स्वतःच ते खोडलं होतं.

"हो म्हण ना वं," दादा हळूच म्हणाला.

"दादा, तू सांग. मी काहून करून राहिली?"

तो गोंधळला. "काहून म्हणजे? सगळ्याच करतात."

"आणि नाही केली तर मी दिवाळीला येऊ?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. साक्षीदार खिडकीतून बाहेर बघायला लागले. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि ताई, तो 'ये' म्हणू शकला असता. एक अक्षर होतं. मी थांबले. साहेब म्हणाले, तुमचं ठरवून घ्या, पुढच्यांना येऊ द्या. दादाने टेबलावरचा कागद उचलून घेतला.

मी बाहेर आले. दादा मागे आला. मी म्हटलं, मी वाटणी मागत नाही, बागेत पाय ठेवत नाही, बहार तुझा, मेहनत तुझी. फक्त नाव राहू दे. तो म्हणाला, "मंग काय फायदा तुले?" मी म्हटलं, तू 'ये' म्हणशील त्या दिवशी तुला कळेल की मी सहीमुळे येत नाही. त्याचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, ते लिहीत नाही, मला माहीत नाही. मी खोका त्याच्या गाडीच्या सीटवर ठेवला. त्याने तो उचलला नाही आणि ढकललाही नाही.

मग मी घरी गेले. आईला न भेटता परतणं जमलं नसतं. वहिनीला फोन आला असणार, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आई ओसरीवर होती. "केली?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मागे गेली. मला वाटलं, झालं, आता ही पण गेली. मी चप्पल घातली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. आंबिया बहाराच्या पहिल्या तोडणीची संत्री, अजून हिरवट आहेत थोडी. एक पिशवी माझ्या हातात दिली. दुसरी दिली आणि म्हणाली, "हे काजलची. तिले म्हण, दोन रोज ठेवून मंग खाय." वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

दोन्ही पिशव्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले आणि कोंढाळीपर्यंत रडले. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं बाई, तर मी म्हटलं, काही नाही, माहेरून येऊन राहिली. तिने मान हलवली. तिला ते पुरलं.

दादाचा फोन नाही. भाऊबीजेला तो बोलावेल असं वाटत नाही. त्या दिवशी सकाळच्या गाडीने मी भिलाईला येते आहे. सुशील स्टेशनवर सोडणार आहेत, ते म्हणाले, "आता हा माझ्याही घरचा मामला झाला." संत्री तोवर पिकतील. तू स्टेशनवर आली नाहीस तरी पत्ता माझ्याकडे आहे.

ढोके सरांना मर्यादांचा भाग पुन्हा लिहून दिला. त्यांनी वाचून पंखा बंदच केला आणि म्हणाले, "आता डेटा गोळा करा, मॅडम."

तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर राहिलं. माझ्यासाठी आणलेल्या साडीचा रंग मला माहीत नाही. दोरी मी सोडलीच नाही.

तुझी,
मिनू